अंगण असलेल्यांची गाडी

माझ्या पगारपत्रकावर आता एक जादा ओळ असते. एकूण पगाराच्या खाली, पण आयकर आणि नॅशनल इन्शुरन्सच्या वर. त्या ओळीत गाडीचा उल्लेख आणि वजा झालेली रक्कम. पगारदार माणसाला या ओळींचा क्रम फार महत्त्वाचा. कर कापून झाल्यावर गेलेला पैसा आणि कर कापण्याआधी गेलेला पैसा यांत मोठं अंतर पडतं. ब्रिटनमध्ये गेल्या काही वर्षांत नोकरदारांच्या दारात ज्या इलेक्ट्रिक गाड्या आल्या, त्यांतल्या पुष्कळशा या एका अंतराच्या जोरावर आल्या.

मी स्विंडनला राहते. लंडन आणि ब्रिस्टल यांच्या मधलं, रेल्वेमुळे वाढलेलं हे गाव. इथल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या तपासण्या करणं हे माझं काम. ते पाळ्यांमध्ये चालतं, कारण अपघात विभागातून रात्री दोन वाजताही नमुने येतात आणि पोटॅशियमचा आकडा सकाळपर्यंत थांबू शकत नाही. रात्रपाळीला जाताना बस मिळते. पहाटे परतताना मिळेलच असं नाही आणि रविवारी तर बसचं वेळापत्रकच विरळ. गाडीची गरज होती ती अशी, अगदी कामापुरती.

सांगलीहून आलेल्या माणसाला इथे गाडी घेणं वाटतं तितकं सरळ नसतं. भारतीय लायसन्सवर बारा महिने चालवता येतं, मग इथली लेखी आणि रस्त्यावरची परीक्षा द्यावी लागते. भारतात कितीही वर्षं अपघाताविना गाडी चालवली असली तरी तो दाखला इथल्या विमा कंपन्या सहसा धरत नाहीत, त्यामुळे विम्याचा हप्ता विशीतल्या नवशिक्याच्या बरोबरीने येतो. कर्ज द्यायचं तर तुमच्या इथल्या देण्याघेण्याचा इतिहास बघतात, आणि नव्या माणसापाशी तो नसतोच. नोकरी पक्की, पगार वेळच्या वेळी, तरीही कागदावर तुम्ही अनोळखी.

‘सॅलरी सॅक्रिफाइस’ नावाची योजना मला भावली ती इथे. गाडी लीजवर घेते ती नोकरी देणारी संस्था. करार तिचा आणि लीज कंपनीचा. माझा करार फक्त माझ्या संस्थेशी, की ठरावीक वर्षं मी माझ्या एकूण पगारातून इतकी रक्कम सोडेन आणि त्याबदल्यात मला ही गाडी वापरायला मिळेल. त्या एका रकमेत विमा आला, सर्व्हिसिंग आलं, टायर आले, रस्त्यात बंद पडली तर उचलून नेणारी गाडी आली, रोड टॅक्सही आला. कर्जाचा जुना इतिहास कुणी विचारला नाही. माझ्यासोबत काम करणाऱ्या, केरळहून आलेल्या नर्सेसना आणि इथेच जन्मलेल्या डॉक्टरांना जो अर्ज, तोच मला. परक्या देशात अशा एखाद्या साध्या बरोबरीचं मोल फार असतं, आणि ते मी मनापासून मानते.

गाडी मी मुद्दाम लहान निवडली. डाचिया स्प्रिंग. ब्रिटनमध्ये २०२४ साली तिच्या विक्रीला सुरुवात झाली, तेव्हा तिची सर्वांत कमी किंमत १४,९९५ पौंड होती. इथे मिळणाऱ्या नव्या इलेक्ट्रिक मोटारींत ती अगदी स्वस्तातली. बॅटरी २६.८ युनिटांची. घरच्या वीजबिलावरचा युनिट म्हणजेच किलोवॉट-तास, त्यामुळे हा आकडा कुणालाही समजावा. एकदा पूर्ण भरली की कागदोपत्री १४० मैल, म्हणजे सव्वादोनशे किलोमीटर. जानेवारीच्या थंडीत हीटर लावून त्याहून बरंच कमी. बसायला चारच जागा. वजन जेमतेम एक टन.

ही गाडी पहिल्यांदा समोरून पाहिली तेव्हा ओळखीची वाटली, आणि ओळख खरी निघाली. सांगलीत माझ्या भावाकडे रेनो क्विड आहे. २०१५ साली क्विड भारतात आली ती २ लाख ५७ हजारांपासून, आणि तिची घडण झाली ती चेन्नईत. फ्रान्सचे अभियंते जेरार देतुर्बे यांनी त्याआधी रेनोच्याच रुमानियन कंपनीची, डाचियाची, ‘लोगन’ ही स्वस्त मोटार यशस्वी करून दाखवली होती. क्विडसाठी ते भारतात राहिले, सुटे भाग तिथल्याच पुरवठादारांकडून करून घेतले आणि कमी पैशांत गाडी कशी बसवायची याचा एक धडाच घालून दिला. पुढे त्याच पायावर चीनमध्ये इलेक्ट्रिक गाडी उभी राहिली. २०१९ मध्ये ती चिनी बाजारात आली, आणि हुबेई प्रांतातल्या शियान शहरात तयार होऊन २०२१ पासून युरोपात स्प्रिंग या नावाने विकली जाऊ लागली. फ्रेंच कंपनी, रुमानियाचं नाव, चिनी कारखाना, आणि मुळाशी चेन्नईतला हिशेब. सांगलीच्या गल्लीत भाऊ जी गाडी मागेपुढे करून लावतो, तिची सख्खी बहीण मी स्विंडनमध्ये चालवते.

तिचं चार्जिंगचं तोंड पुढे आहे, अगदी नाकावर, कंपनीच्या चिन्हाखाली. झाकण उचललं की आत आणखी एक लहान टोपी असते. पावसात ती काढताना बोटं ओली होतात. केबल हाताला जड लागते आणि थंडीत ताठ होते, वेटोळं सोडवताना तिच्याशी थोडी झटापट करावी लागते. टोक खाचेत दाबून बसवलं की आतून ‘खट्’ असा कुलूप लागल्याचा आवाज येतो. मग भिंतीवरच्या पेटीतला दिवा रंग बदलतो आणि मी घरात जाते. विजेचा स्वस्त दर सुरू होतो तो साडेअकराला. तेव्हा चार्जिंग आपोआप चालू होतं. सकाळी काचांवर दंव असतं आणि बॅटरी भरलेली असते. पेट्रोल पंपावर उभं राहण्याचं एक कामच आयुष्यातून उठून गेलं.

लहान गाडीचा मला अभिमान आहे, आणि त्याला कारण आहे. या योजनांच्या यादीत बड्या इलेक्ट्रिक एसयूव्हीही असतात. त्यांची बॅटरी शंभर युनिटांच्या पुढे जाते, वजन अडीच टनांपर्यंत. बहुतेकांचं रोजचं जाणंयेणं दहापंधरा मैलांचं. रोज कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जायचं आणि पाठीवर पंढरीच्या वारीचं सामान बांधून निघायचं, असा तो प्रकार. बॅटरीत जातं ते लिथियम, निकेल, तांबं कुठल्यातरी जमिनीतून खणून काढावं लागतं. टायर आणि रस्ता झिजून जी बारीक धूळ हवेत जाते, ती वजनासोबत वाढते. धूर न सोडणाऱ्या गाडीचंही ओझं असतं, आणि ते कमीतकमी ठेवणं आपल्या हातात असतं.

लहान आणि स्वस्त असण्याची किंमतही आहे, आणि ती स्पष्ट सांगायला हवी. २०२१ साली युरो एनकॅपच्या सुरक्षा चाचणीत स्प्रिंगला पाचांपैकी एकच तारा मिळाला. थोडी जोरकस म्हणून मी घेतलेली ६५ अश्वशक्तीची गाडीसुद्धा शून्यावरून ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठायला तेरा सेकंदांहून जास्त घेते. मोटरवेवर लॉरीच्या मागून पुढे जायचं तर आधी विचार करावा लागतो. म्हणून ही गाडी मी गावात चालवते, लांबच्या प्रवासाला रेल्वे धरते. तारे अधिक आणि किंमतही जास्त अशी निवड प्रत्येकाला परवडत नाही. सुरक्षितता ही चैनीची वस्तू होऊ नये, हे मत ही गाडी वापरताना माझ्यात अधिक घट्ट झालं आहे.

आता या योजनेच्या पोटातला हिशेब. कामावरून मिळालेली गाडी खासगी वापराला मिळाली की ब्रिटनमध्ये तो पगाराचाच भाग समजून त्यावर कर लागतो. किती, हे गाडीच्या छापील किमतीवर आणि तिच्या धुरावर ठरतं. साध्या पेट्रोल गाडीच्या किमतीचा पाव हिस्सा किंवा त्याहून अधिक दरवर्षी उत्पन्नात धरतात. इलेक्ट्रिक गाडीचा २०२५-२६ मध्ये धरला फक्त ३ टक्के. सोळा हजारांच्या गाडीवर ३ टक्के म्हणजे ४८० पौंड, त्यावर २० टक्के आयकर म्हणजे वर्षाला ९६, महिन्याला ८ पौंड. हे प्रमाण दरवर्षी एकेक टक्क्याने आणि पुढे दोन-दोन टक्क्यांनी वाढत २०२९-३० ला ९ टक्क्यांवर जाणार आहे, हे आधीच जाहीर झालं आहे. २०१७ च्या एप्रिलपासून सरकारने पगार सोडून घेतलेल्या बहुतेक वस्तूंवरची करसवलत बंद केली. अगदी कमी धुराच्या गाड्यांना त्यातून वगळलं. कामावरच्या योजनांतून पेट्रोलच्या गाड्या मागे पडल्या आणि इलेक्ट्रिक गाड्या पुढे आल्या, त्याचं मूळ या एका अपवादात आहे.

सोडलेल्या पगाराची सावली दुसरीकडेही पडते. माझी निवृत्तिवेतन योजना दरवर्षीच्या पगाराचा चोपन्नावा भाग बाजूला टाकत जाते. महिन्याला २०० पौंड पगार सोडला असं धरलं, तर वर्षाला २,४०० पौंडांचा पगार त्या हिशेबातून जातो आणि निवृत्तीनंतरच्या वार्षिक पेन्शनमधून सुमारे ४४ पौंड कमी होतात. अशी तीन वर्षं म्हणजे शेवटपर्यंत वर्षाला सुमारे १३३ पौंड. त्या काळात मी पेन्शनसाठी वर्गणीही कमी भरते, हे खरं; पण तिशीतल्या माणसाला पेन्शनचा आकडा कुणी सांगत नाही, गाडीचा रंग मात्र लगेच विचारतात. बाळंतपणाच्या रजेतला पगारही सरासरी मिळकतीवर ठरतो. मधेच नोकरी सोडली तर गाडी परत करायची आणि करार मोडल्याची रक्कम भरायची, म्हणून सही करण्याआधी ते पान नीट वाचावं. मैलांचीही मर्यादा असते. ती ओलांडली की मैलागणिक पैसे. हे सगळं मांडून, तोलूनसुद्धा माझ्यासाठी व्यवहार फायद्याचाच ठरला.

फायदा कुणाला किती, हा हिशेब मी मांडला तेव्हा मात्र मन थबकलं. समजा, तिघांनी शंभर शंभर पौंड पगार सोडला. माझ्यासारखीला त्यावर २० टक्के आयकर आणि ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स भरावा लागला असता, म्हणून हातचे गेले ते ७२ पौंड. पन्नास हजारांच्या वर कमावणाऱ्या डॉक्टरांचे ४० आणि २ असे ४२ टक्के वाचले, म्हणजे त्यांना तेच शंभर ५८ ला पडले. आणि ज्यांचा पगार एक लाख ते सव्वा लाखाच्या दरम्यान आहे त्यांची करमुक्त मर्यादाही त्या टप्प्यात हळूहळू काढून घेतली जाते. त्यांचे ६२ टक्के वाचतात. त्यांना शंभराची गाडी ३८ पौंडांत. गाडी एकच, हप्ता एकच, आणि सरकारी तिजोरीतून सर्वांत जास्त हातभार ज्याला सर्वांत कमी गरज त्याला. शिवाय मोठी गाडी घ्यावी तेवढी सवलतही मोठी.

या तिघांच्या पलीकडे चौथं माणूस आहे. आमच्या विभागात पहाटेची सफाई करणाऱ्या मावशी म्हापशाकडच्या. १९६१ च्या आधी पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्या गोवेकरांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. त्या पासपोर्टवर ब्रेक्झिटच्या आधी पुष्कळ गोवेकर इथे आले आणि स्विंडन हे त्यांचं मोठं गाव झालं. गोदामं, रुग्णालयं, वृद्धाश्रम, जिथे पहाटे उठून काम करायचं तिथे गोव्याची माणसं दिसतात. मावशी माझ्याशी मराठी बोलतात, मधूनच कोकणीत शिरतात. पाळी एकाच वेळी सुटली की मी त्यांना घरी सोडते. पहिल्यांदा गाडीत बसल्या तेव्हा म्हणाल्या, “हिचो आवाजच येना गो बाये!” मग थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “आमाला मिळेल का गो अशी, कामावरून?”

त्या प्रश्नाचं उत्तर मी घरी जाऊन कागदावर काढलं. इथल्या कायद्याने पगार सोडल्यानंतर उरलेलं वेतन किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये. २०२५-२६ मध्ये किमान वेतन तासाला १२ पौंड २१ पेन्स होतं. मावशींच्या श्रेणीचं, म्हणजे बँड दोनचं वेतन तेव्हा वर्षाला २४,४६५ पौंड, तासाला साधारण १२ पौंड ५१ पेन्स. फरक तीस पेन्सचा. आठवड्याचे साडेसदतीस तास धरून वर्षाचा हिशेब केला तर सोडता येईल अशी रक्कम होते सुमारे ५८७ पौंड, महिन्याला ४९. एवढ्यात सर्वांत लहान, सर्वांत स्वस्त गाडीही बसत नाही. रात्रीच्या आणि रविवारच्या कामाचा जो जादा भत्ता मिळतो, तो या हिशेबात धरत नाहीत.

किमान वेतनाचा नियम चांगला आहे आणि तो सैल होऊ नये. मालकाने कामगाराच्या पगारातून निमित्तं काढून पैसे कापू नयेत म्हणून तो आहे, आणि अशा कापाकापीचा इतिहास जगभर आहे. पण इलेक्ट्रिक गाडीला मदत करायची वाट सरकारने पगाराच्या सवलतीतून काढली, आणि ती वाट या नियमाच्या उंबरठ्यापाशी संपते. ज्यांचं रक्षण करायचं तेच मदतीच्या बाहेर राहिले. दोष नियमाचा नाही; मदत अशा दारातून वाटायला घेतली की जिथून मावशींना आत येताच येत नाही, हा दोष आहे.

दुसरा उंबरठा घराचा. मावशी राहतात ते घर एकोणिसाव्या शतकातल्या विटांच्या रांगेतलं. रेल्वेच्या कारखान्यामुळे स्विंडनमध्ये अशा रांगा उभ्या राहिल्या. दार उघडलं की फूटपाथ, त्यापलीकडे रस्ता, आणि रस्त्यावर ज्याला जिथे जागा मिळेल तिथे त्याने गाडी लावायची. घराला अंगण नाही, म्हणजे भिंतीवर चार्जिंगची पेटी लावून उपयोग नाही. फूटपाथवरून केबल ओढली तर म्हातारी माणसं, बाबागाड्या, चाकाची खुर्ची वापरणारे अडखळतील. पालिका तसं करू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. काही शहरांत आता फूटपाथमध्ये अरुंद पन्हळ कापून, वर झाकण बसवून, त्यातून केबल नेण्याची परवानगी देऊ लागले आहेत. पण दारासमोरची जागा तुमचीच राहील याची हमी त्यातही नाही.

अंगण असण्या-नसण्याचा फरक वीजबिलात बघावा. रात्रीच्या खास दराने युनिटला ७ पेन्सच्या आसपास पडतात, तेव्हा माझी २६.८ युनिटांची बॅटरी पूर्ण भरायला लागतात एक पौंड ८८ पेन्स. दिवसा घरच्या साध्या दराने पंचवीस-सव्वीस पेन्स युनिट धरले तर सात पौंड. रस्त्याकडेच्या जलद चार्जरवर युनिटला ७५ पेन्स सहज पडतात. तिथे तीच बॅटरी भरायला वीस पौंड. लहान पेट्रोल गाडी तेवढ्याच अंतराला याहून फार जास्त खात नाही. घरगुती विजेवर मूल्यवर्धित कर ५ टक्के, सार्वजनिक चार्जरवर २० टक्के. ज्याला अंगण आहे त्याची वीज स्वस्त आणि करही कमी. ज्याला अंगण नाही त्याची वीज महाग आणि वर करही चौपट दराने. मीसुद्धा भाड्याच्या घरात राहते. घरमालकाने पेटी लावायला हो म्हटलं म्हणून ही सोय झाली. नाही म्हणाला असता, तर पगारपत्रकावरच्या त्या ओळीचा अर्थच बदलला असता.

स्विंडनला मोटार नवी नाही. होंडाने १९९२ पासून इथे मोटारी बांधल्या. सिव्हिकच्या कितीतरी पिढ्या इथून जगभर गेल्या. २०२१ च्या जुलैमध्ये कारखाना बंद झाला आणि सुमारे तीन हजार जणांची नोकरी गेली. आता त्या जागेवर गोदामं उभी राहत आहेत. गाडी बांधून पोट भरणाऱ्या गावात आज बाहेर बांधलेल्या गाड्या लीजवर येतात, आणि त्या कुणाच्या दारात उभ्या राहतील हे पगाराच्या श्रेणीवरून ठरतं. या गावातल्या माणसांना मोटारीचं मोल कुणी शिकवायला नको. तिच्यापर्यंत पोचायची वाट तेवढी हवी आहे.

वाट काढता येते, हे फ्रान्सने दाखवलं. २०२४ च्या जानेवारीत तिथल्या सरकारने कमी उत्पन्नाच्या घरांसाठी इलेक्ट्रिक गाड्यांची लीज योजना आणली. महिना साधारण १०० युरोंत. उत्पन्नाची मर्यादा कुटुंबाच्या आकारावरून ठरणाऱ्या प्रत्येक हिश्शामागे १५,४०० युरो. कामाची जागा घरापासून पंधरा किलोमीटरहून लांब असणाऱ्यांना, कामासाठी फार गाडी चालवावी लागणाऱ्यांना त्यात घेतलं. सरकारी मदत सरळ गाडीच्या हप्त्यावर, पगाराच्या सवलतीतून नाही. मागणी इतकी आली की ठरवलेल्याच्या दुपटीने, पन्नास हजारांच्या आसपास गाड्या मंजूर करून सहा आठवड्यांत योजना थांबवावी लागली. २०२५ मध्ये ती पुन्हा उघडली. कमी पगाराच्या माणसाला इलेक्ट्रिक गाडी नको असते, त्याला जुन्या डिझेलचीच सवय आहे, असं जे म्हटलं जायचं, त्याला त्या अर्जांनी उत्तर दिलं. कारखान्यातून बाहेर पडणारा धूरही तिथे मोजतात, म्हणून चीनमध्ये बनलेली माझी स्प्रिंग त्या यादीत नव्हती. हा निकषही मला पटतो. मदत करताना काय बघायचं ते सरकारने नीट ठरवलं होतं.

आपल्याकडेही हाच प्रश्न येऊन उभा आहे. पुण्यात हिंजवडीच्या कंपन्यांत कारलीजची सोय असते; हप्ता कर कापण्याआधी पगारातून जातो, म्हणून ज्याचा कर मोठा त्याचा फायदा मोठा. टाटाची टियागो ईव्ही २०२२ मध्ये ८ लाख ४९ हजारांपासून आली, एमजीची कॉमेट २०२३ मध्ये ७ लाख ९८ हजारांपासून, आणि लहान इलेक्ट्रिक गाडी मध्यमवर्गाच्या हिशेबात बसू लागली. माझा चुलतभाऊ कोथरूडला राहतो. त्याच्या सोसायटीत चार्जर बसवायचा तर मीटर कुठून घ्यायचं, वायर कुणाच्या पार्किंगवरून जाणार, यावर बैठका होतात. वाड्यात, चाळीत, झोपडपट्टीत राहणाऱ्याला ती बैठकसुद्धा नाही. तिथे विजेवर चालते ती रिक्षा, डिलिव्हरीच्या पोराची स्कूटर, आणि त्यांच्या बॅटऱ्या भरायला जागा कुठे, हा तिथला खरा सवाल आहे.

पुन्हा ब्रिटनकडे वळते. इलेक्ट्रिक मोटारींवर मैलामागे ३ पेन्स कर २०२८ च्या एप्रिलपासून लावण्याचं ब्रिटनच्या सरकारने २०२५ च्या नोव्हेंबरमधल्या अर्थसंकल्पात जाहीर केलं. पेट्रोलवरचा कर आटत चालला की रस्त्यांचा खर्च कुणीतरी द्यायलाच हवा, आणि मी तो आनंदाने देईन. पण एक टनाची गाडी आणि अडीच टनांची गाडी यांना दर एकच. वजन पाहून दर ठरला, तर लहान गाडी निवडणाऱ्याची कदर होईल आणि रस्त्यालाही न्याय मिळेल.

मला हवं आहे ते असं. सवलत टक्क्यांत न देता ठरावीक पौंडांत द्यावी. सल्लागार डॉक्टरांना जेवढी, तेवढीच सफाई कामगाराला. ज्यांचा पगार किमान वेतनाला टेकलेला आहे त्यांच्यासाठी, पगाराला हात न लावता, फ्रान्ससारखी मदत थेट हप्त्यावर द्यावी. रस्त्यावरच्या चार्जरचा कर घरच्या विजेइतकाच, ५ टक्के, ठेवावा, आणि अंगण नसलेल्या रांगांमध्ये दिव्याच्या खांबांवर रात्रीच्या दराची वीज मिळावी. खांबाला चार्जर जोडण्याचं काम लंडनमध्ये मोठ्या प्रमाणावर झालंच आहे. तंत्र नवं शोधायचं नाही, दर बदलायचा आहे. आणि संस्थांनी आपल्या आवारात, कामगारांच्या पार्किंगमध्ये, आठ तासांच्या पाळीत हळूहळू बॅटरी भरणारे साधे चार्जर लावावेत. लहान गाडीला जलद चार्जरची गरजच नाही. दुपारपर्यंत तिचं पोट भरतं.

मावशींना मी उत्तर दिलं. महिन्याला एकोणपन्नासच पौंड सोडता येतात, म्हणून आत्ता मिळणार नाही, असं आकड्यासकट सांगितलं. त्यांनी तो कागद मागून घेतला, युनियनच्या बैठकीला न्यायला. मी सोबत जाणार आहे. आमच्या पाळ्या पुष्कळदा पहाटे एकाच वेळी सुटतात. त्या वेळेला बसची खात्री नसते, हे दोघींच्या बाबतीत सारखंच खरं आहे. जिथे गरज सारखी, तिथे सरकारच्या पैशाने बांधलेली वाटही दोघींना सारखीच चालता आली पाहिजे.